आजी चालते, नात का थकते?

दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली की वावरात एक गोष्ट डोळ्यांत भरते. ओळीनं कापूस वेचणाऱ्या बाया पाहा. बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. त्यांत साठी-पासष्टीची आजीसुद्धा कमरेला झोळी बांधून वाकलेली. पंचविशीच्या आतली पोरगी शोधावी लागते. सुटीच्या दिवशी कॉलेजातली नात हौसेनं सोबत आलीच, तर दहाच्या आत ती धुऱ्यावर बसलेली दिसते. "आजी, माझी कंबर गेली वं." आजी हसते अन् म्हणते, "माय, माझी तं तीस वर्षं झाली जाऊन. तरी वेचून राहिली ना."

सख्यांनो, या बोलण्यावर आपण हसतो. पण यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही काळजीच्या आहेत. नातीची विशीतच थकणारी कंबर ही एक, आजीची तीस वर्षं दुखणारी कंबर ही दुसरी. एकीचं शरीर हालचालीविना कच्चं राहिलं, दुसरीचं कामानं झिजलं. या महिन्याच्या अभ्यासाला हा विषय घेतला तो दोघींसाठी.

आजीचा दिवस, नातीचा दिवस

आजीला विचारा, तुझ्या तरुणपणी दिवस कसा जायचा? पहाटे जातं. मग विहिरीवरून डोक्यावर दोन गुंड पाणी, अशा चार-पाच खेपा. शेण, गोठा, सडा. भाकरी बांधून वावर, दिवसभर निंदण नाहीतर वेचणी, येताना डोक्यावर काड्यांचा भारा. आठवडी बाजार पायी, माहेरही जवळ असलं तर पायीच. व्यायाम हा शब्द तिनं ऐकला नव्हता, तिला त्याची गरजही नव्हती.

मग एकेक काम घरातून निघून गेलं. चक्की आली, जातं गेलं. नळ आला, गुंड गेले. गॅस आला, भारा गेला. तणनाशकाची फवारणी आली आणि निंदणाचे दिवस कमी झाले. (तणनाशकाचे दुसरे त्रास आहेत, तो वेगळा अभ्यास आहे.) ऑटो आला, एसटी आली. यातलं एकही काम परत यावं असं मला वाटत नाही. जात्यावर ओव्या छान होत्या, पण गरोदरपणात नवव्या महिन्यापर्यंत जातं ओढलेल्या बाईला विचारा, ती काय सांगते ते.

अडचण एवढीच की काम गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. आता नातीचा दिवस मोजा. खरोखर मोजा, घड्याळ लावून. घरून बस थांबा पाच मिनिटं. बसमध्ये बसली. वर्गात पाच-सहा तास बसली. परत बसमध्ये बसली. घरी आली, चहा प्याली, ट्यूशनला जाऊन बसली. रात्री मोबाईल घेऊन खाटेवर आडवी. दिवसभरात श्वास थोडा जोरात चालला, अंगाला घाम आला, असं किती मिनिटं झालं? बऱ्याच घरी उत्तर दहा मिनिटांच्या आत येईल. मुलांचंही फार वेगळं नाही. पानठेल्यापर्यंत जायचं तरी गाडीला किक मारतात.

शहरात साधारण असं दिसतं की वय वाढलं की हालचाल कमी होते. आपल्या गावात चित्र उलटं होऊन बसलं. म्हातारं माणूस चालतं, तरणं बसलेलं.

हे फक्त आपल्या गावचं आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं अशी हालचाल करावी की श्वास वाढेल. मोठ्यांनी आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं. संघटनेच्या तज्ज्ञांनी १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र केली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ते १७ वयाच्या १०० मुलांमागे ८१ जणांची हालचाल पुरेशी नव्हती. मुलगे ७८, मुली ८५. म्हणजे सगळीकडेच कमी आणि मुलींची आणखी कमी.

मोठ्यांबद्दलची माहिती २०२४ मध्ये आली. भारतातल्या जवळपास निम्म्या मोठ्या माणसांची हालचाल कमी पडते. पुरुषांत १०० मागे ४२, बायांत ५७. हे वाचून तुम्ही म्हणाल, आम्ही तर दिवसभर उभ्या असतो! खरं आहे. पण उभं राहणं आणि श्वास वाढेल असं चालणं यात फरक आहे. शिवाय वावर सोडून शिलाई मशीनवर, दुकानात, पापडाच्या पाटावर बसणाऱ्या सख्या आपल्याही गटांत वाढल्या आहेत.

वर्ध्यात हा विचार आधी झाला होता

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी आदल्याच वर्षी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले होते. परिषदेनं डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच झाकीर हुसेन पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. समितीनं शाळेचं जे वेळापत्रक सुचवलं ते आज वाचलं तर नवल वाटतं. शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटं हातच्या उद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. समाज आणि विज्ञान ३० मिनिटं. सुटी १० मिनिटं. आणि शारीरिक शिक्षण फक्त १० मिनिटं!

दहाच का? कारण उरलेल्या वेळात शरीर चालूच राहणार होतं. शेती, बागकाम, सफाई, विणकाम यांतून लेकरू शिकणार होतं. सूत कातणं बसूनच होतं हे कबूल करू, पण सगळा दिवस बाकावर जाणार नव्हता.

आज आपण काय केलं? हातचं काम शाळेतून काढून टाकलं. त्या दहा मिनिटांच्या जागी खेळाचा तास लिहिला, आणि परीक्षा जवळ आली की त्याच तासाला गणित शिकवलं जातं. पालक म्हणून आपणही त्यावर बोलत नाही. उलट बरं वाटतं आपल्याला.

दुसरं उदाहरण पवनारचं. विनोबाजी १९३८ पासून धाम नदीच्या काठी राहिले. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा पायी निघाले. अंतर सुमारे तीनशे मैल, वय ५५, आणि तब्येत काही पैलवानाची नव्हती. त्याच प्रवासात १८ एप्रिलला पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं आणि चालणं थांबलंच नाही. ते पवनारला परतले १९६४ मध्ये. म्हणजे पंचावन्न ते अडुसष्ट या वयात हा माणूस गावोगाव पायी फिरला. आपल्याकडे पंचावन्नच्या बाईला "आता तुझं काय राहिलं" असं म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण एक फरक विसरू नका. विनोबा आपल्या मर्जीनं, एका कामासाठी चालले. आपली आजी पाण्यासाठी चालली, तिला कोणी विचारलं नव्हतं. चालणं तेच, पण एकात मान आहे आणि दुसऱ्यात सक्ती. म्हणून आपल्या लेकींना आजीची सक्ती द्यायची नाही.

हाडांचं बचत खातं

शरीराला हालचाल कशाला लागते, ते आपल्याच भाषेत समजून घेऊ. हाडं म्हणजे बचत खातं आहे. जन्मल्यापासून त्यात जमा होत जातं. मुलीच्या खात्यात अठराव्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांच्या आसपास जमा होऊन जाते. तिशीपर्यंत थोडीफार भर पडते. त्यानंतर फक्त काढणं. पाळी जाते तेव्हा तर रक्कम भराभर निघते. ज्या बाईनं तरुणपणी कमी जमा केलं, तिचं खातं साठीत रिकामं. मग मोरीत पाय घसरल्याचं निमित्त होतं आणि खुब्याचं हाड मोडतं.

जमा कशानं होते? दूध, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या, ऊन, आणि हाडावर पडणारा भार. उड्या मारणं, पळणं, जिना चढणं, वजन उचलणं. भार पडला नाही तर हाड म्हणतं, माझी गरज नाही. आजीनं भार खूप उचलला पण पोटभर खायला मिळालं नाही, म्हणून तिचंही खातं अर्धं राहिलं. नातीला खायला मिळतं, भार नाही. दोन्ही एकत्र ज्या पोरीला मिळेल, तिचं नशीब उघडेल.

साखरेचंही तसंच. जेवलेली साखर रक्तातून उचलण्याचं मोठं काम मांसपेशी करतात. मांसपेशी हलल्या की त्या साखर ओढून घेतात. बसून राहिल्या की साखर रक्तातच फिरते. एकेकाळी मधुमेह हा म्हाताऱ्यांचा, श्रीमंतांचा आजार समजला जायचा. आता गावातही तिशीच्या बाईला गोळी सुरू झालेली ऐकू येते. कोणत्या आजारात किती हात आळसाचा, किती खाण्याचा, किती घराण्याचा, हे डॉक्टरच सांगू शकतील. पण जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्यानं साखर कमी चढते, याला कोणताही डॉक्टर नाही म्हणणार नाही.

थकलेली प्रत्येक पोरगी आळशी नसते

इथे जरा थांबा. "पोट्टी लयच आळशी झाली" असं म्हणण्याआधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. नखं पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९ ते २१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागे ५९ जणींचं रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की जिना चढताना धाप लागते, पाय भरून येतात, झोप येत राहते. ती पोरगी खेळणार कशी? आधी आशाताईला सांगून हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर उपचार घ्या. शाळेत आणि अंगणवाडीत १० ते १९ वयासाठी आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. ती गोळी दप्तरात पडून राहते की पोटात जाते, हे आईनं पाहायचं. गोळीसोबत चहा देऊ नका, लिंबू-पाणी द्या.

रक्त ठीक असूनही पोरगी हलत नसेल तर मग आपल्याकडे पाहावं लागेल. पाचवी-सहावीपर्यंत ती लंगडी खेळते, दोरीवरच्या उड्या मारते, सायकल फिरवते. पाळी आली की आपणच म्हणतो, "आता मोठी झाली तू. उड्या काय मारते?" गावातलं मैदान मुलांचं. तिथे क्रिकेट चालतं, मुलगी पाय ठेवत नाही. रस्त्यावर फिरायला जावं तर सुसाट गाड्या आणि कोपऱ्यावरची टोळकी. मग सुरक्षित जागा उरते ती खाट, आणि खाटेवर मोबाईल.

आणखी एक कारण आहे, ते मायेचं आहे. "मी जे भोगलं ते माझ्या लेकीला नको." हे वाक्य आपण सगळ्याच बोललो आहोत. लेक बसून राहिली म्हणजे घर सुधारलं, असं आपल्याला आतून वाटतं. तिच्या हातात खुरपं नको, पुस्तक हवं, हे अगदी बरोबर. पण पुस्तकासोबत दोरी, सायकल, चेंडू का नको? कष्ट आणि हालचाल या दोन गोष्टी आपण एकच समजून बसलो आणि एकीसोबत दुसरीलाही घराबाहेर काढलं.

पाळीत खेळू नये हाही एक समज. सहन होईल तेवढं चालणं, हलका व्यायाम पाळीतही चालतो, बऱ्याच जणींचं पोट दुखणं त्यानं कमीच होतं. फार रक्त जात असेल, चक्कर येत असेल तर डॉक्टरला दाखवायचं.

मग करायचं काय?

पहिलं हे की व्यायामाच्या नावाखाली घरची सगळी भांडी-धुणी पोरीच्या माथी मारू नका. काम वाटायचं असेल तर पोराला आणि पोरीला सारखं वाटा. परसबागेत रोज अर्धा तास खणणं, पाणी घालणं हे दोघांनी करावं. आजी बियाणं ओळखते, नातवंडांच्या हातात ताकद आहे. ती जोडी चांगली जमते, वर भाजीही मिळते.

साठ मिनिटं एकदम लागत नाहीत. सकाळी पंधरा, शाळेत जाता-येता वीस, संध्याकाळी खेळात पंचवीस, असं जोडून चालतं. शाळा दोन-तीन किलोमीटरवर असेल आणि रस्ता बरा असेल तर मुलींनी चौघी-पाच जणींच्या गटानं सायकलवर जावं. एसटीचा पास फुकट आहे म्हणून एका थांब्याच्या अंतरालाही बसची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्याकडचा उन्हाळा मात्र लक्षात ठेवा. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच.

पहाटे गावच्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या लेकरांचं मला फार कौतुक वाटतं. पण भरती झाली किंवा वय निघून गेलं की दुसऱ्या दिवसापासून पळणं बंद. नोकरीसाठी पळणं समजतं, स्वतःसाठी पळणं अजून आपल्याला समजलेलं नाही. तरी गावात अशी एखादी मुलगी असेल तर तिला हाताशी धरा. धाकट्या पोरी आपल्या सांगण्यानं येणार नाहीत, तिच्या मागे येतील.

जागेचा प्रश्न एकटीनं सुटत नाही, तिथे गट लागतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे आपण दारूबंदी, पाणी, रस्ता हे विषय मांडतो. एकदा हाही मांडा: शाळेचं मैदान रोज संध्याकाळी एक तास फक्त मुली-बायांसाठी, दिवा लावलेला, फाटक उघडं. खर्च फार नाही. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीला प्रत द्या. काही गावांत खुल्या व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली आहेत आणि त्यांवर आता कपडे वाळतात. म्हणून यंत्र मागण्याआधी तास मागा. त्या तासाला गटातल्या दोन सख्यांनी आळीपाळीनं हजर राहावं, म्हणजे आया पोरींना सोडतील.

आजीसाठीही थोडं. तिची कंबर, तिचे गुडघे हे कौतुकाचे नाहीत, उपचाराचे आहेत. वेचताना तासाभरानं दोन मिनिटं ताठ उभं राहायचं, भरलेली झोळी लवकर रिकामी करायची, ओझं दोघींनी उचलायचं. आणि उद्या मुलानं "आई, आता तू आराम कर" म्हणून तिला ओट्यावर बसवून ठेवलं, तर तेही चुकीचं. चालणं एकदम सुटलं की म्हाताऱ्या माणसाचे पाय महिन्या-दोन महिन्यांत गळून जातात. काम कमी करा, चालणं ठेवा.

बैठकीत करून पाहा

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक तरुण मुलगी किंवा मुलगा आणि एक ज्येष्ठ बाई सोबत आणावी. बिनहाताची, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची पक्की खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून बसायचं. घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. हाताचा आधार घेतला तर ती वेळ धरायची नाही. ६० ते ६४ वयाच्या बाईचे १२ पेक्षा कमी झाले, ६५ ते ६९ मध्ये ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ मध्ये १० पेक्षा कमी, तर पायांची ताकद कमी पडून राहिली आणि पडण्याचा धोका आहे असं समजायचं. तरुणांना आकडा सांगू नका. त्यांनी आजीचा आकडा पाहावा आणि मग उठावं!

छातीत दुखतं, चक्कर येते, नुकतं ऑपरेशन झालं किंवा दिवस गेले आहेत अशा बाईनं ही चाचणी करू नये, तिनं मोजायला बसावं.

त्याच बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी सहा वाजता कुठे खेळू शकते? जागेचं नाव घेऊन सांगा. आणि आपल्यापैकी कोणी शेवटची कधी पळाली, कशासाठी? दुसऱ्या प्रश्नावर हशा होईल, होऊ द्या.

नावं, वय आणि आकडे गटाच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी परत मोजायचं आहे आणि ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्या गटांची पानं एकत्र पाहायची आहेत. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला विसरू नका, उठताना मागे सरकते.